रोज एक इंच

लोअर परळ, मुंबई
३ फेब्रुवारी २०२५

चि. संघमित्रा,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर बघून तू उडालीच असशील. उडू नकोस. चार वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं की आजपासून तुझ्याशी बोलणार नाही. त्या शब्दावर मी अजून ठाम आहे. लिहिणार नाही असं मात्र मी कुठेही म्हटलं नव्हतं. शेजारची शेवंती साक्षीला होती, तिला विचार.

तीच शेवंती काल माझ्या दारात उभी राहून, मी आंधळा नि बहिरा दोन्ही असल्यासारखी ओरडली, "भावजी, ऐकलात? आमच्या संघमित्राच्या तळ्याचा पाणी रोज कमी होताहा!" तू तिला दर रविवारी फोन करतेस हे मला ठाऊक आहे. मधली भिंत फळ्यांची आहे. चार वर्षं फुकट ऐकतोय.

मला समजलं ते असं. तुमची नवी राजधानी म्हणजे सध्या माळावर मारलेल्या खुंट्या आणि सुतळी. विधानभवनापुढे तीन शोभेचे तलाव होणार आहेत आणि ते तू आखलेत. खरे तलाव खणायच्या आधी नमुना म्हणून एक लहान तलाव खणलाय, चाळीस फूट बाय तीस, तळाला तिथल्याच चिकणमातीचा थर. त्यातलं पाणी दिवसाला अर्ध्या इंचाहून कमी उतरलं तर तलाव पास. तुझं उतरतंय रोज एक इंच. पंचवीस तारखेला तू लेखी अहवाल द्यायचा, आणि गळती असेल तर तलाव रद्द. त्या जागी हिरवळ आणि नाचरी कारंजी.

कारंजी! राजधानी बांधताय की लग्नाचा हॉल?

आता मुकाट्याने वाच. मी एकोणतीस वर्षं मिलच्या तलावावर काढली. इंजिनाला थंड पाणी तिथून जायचं, पाणी घटलं की आधी माझी मान धरली जायची. पाणी उन्हाने उडतंय की खाली गळतंय हे ओळखायला आम्हाला मशीन नव्हतं. बादली होती. बादली तलावाच्याच पाण्याने भर. आत आणि बाहेर दोन्हीकडे खूण कर. तीन दिवसांनी बघ. बादलीतलं पाणी उतरेल ते फक्त उन्हाने. तलाव त्याहून जास्त उतरला तर गळती. झालं.

बाकी ठीक आहे. गुडघा आहे तिथेच आहे.

बाबुराव धोंडू तांबे
(तलाव खाते, निवृत्त)


९ फेब्रुवारी

चि. संघमित्रा,

बादली काठावर ठेवलीस? काठावर?

शेवंतीच्या मोबाइलवर तुझा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. एवढी शिकलीस, परदेशात जाऊन पाण्याचं डिझाइन शिकून आलीस, आणि बादली उन्हात तापत ठेवलीस! त्यातलं पाणी चहासारखं गरम होऊन उडणारच की. अगं येडे, बादली पाण्यात ठेवायची, गळ्यापर्यंत बुडवून, दगडावर टेकवून, म्हणजे तलाव जेवढा तापतो तेवढीच ती तापते. हे मी लिहिलं नव्हतं हे खरं. पण बादली पाण्यात ठेवायची हे काय लिहायचं असतं?

बरं. नकाशा मिळाला. भिंतीवर लावलाय, तुझ्या आईच्या फोटोशेजारी. तिन्ही तलाव लांबोळके, एकातून दुसऱ्यात पाणी पाझरतं, मधोमध कमळं. चांगलं आहे. मी चांगलं आहे असं सहसा म्हणत नाही, तेव्हा हे वाक्य जपून ठेव.

शोभेचा तलाव असतो कसा, ते बघायला परवा मी मिलच्या कंपाउंडात गेलो. होय, मीच. बावीस वर्षांनी. जिथे पाऊल टाकणार नाही म्हणालो होतो, तिथल्या टॉवरमध्ये तू नोकरी धरलीस म्हणून मी एवढा तमाशा केला, तिथेच. उगाच कुजकट हसू नकोस, कामासाठी गेलो होतो.

आपल्या तलावाच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि तिच्या पायाशी एक पाण्याचा चौकोन. तळाला निळी लादी. खोली बघायला मी वाकून हात घातला तर शिट्टी वाजली. सिक्युरिटीवाला धावत आला, "ओ अंकल, पानी को हाथ नहीं लगाने का!"

मी म्हटलं, "का रे, शॉक लागतो काय?"

मराठी ऐकून तो वरमला. "तसं नाय काका. शोभेचं आहे ना, म्हणून."

नाव विचारलं तर शिवा. साचेखात्यात मागावर असलेल्या आपल्या भिवाचा मुलगा! आता पन्नाशीला आला. बापाची आठवण निघाली, तंबाखू निघाली. शेवटी म्हणतो, "काका, मी दोन मिनटं तिकडे बघतो. तुम्ही काय ते उरका." आणि खरंच पाठ करून उभा राहिला. मी कोपरापर्यंत हात घातला. खोली जेमतेम दीड वीत. तरी पाणी ते पाणीच, हात गार झाला आणि मला उगाचच बरं वाटलं.

पण घरी येताना एक गोष्ट डोक्यात बसली ती उठेना. आपण दर वीस मार्चला महाडला जातो. तू माझ्या खांद्यावर बसायचीस तेव्हापासून. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळ भरतो, पितो. तुला लहानपणी प्रश्न पडायचा की पाणी तर चाळीतल्या नळालाही येतं, मग एवढ्या लांब कशाला? तेव्हा मी तुला सगळं सांगितलं होतं. तुझ्या नकाशात तिन्ही तलावांना चारी बाजूंनी कठडा दिसला, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "सूचनाफलक: पाण्यास हात लावू नये." मी काही म्हणत नाही. मी तुझ्याशी बोलतच नाहीये.

तिथली माती पाठव, चार-पाच किलो. मला हाताने बघायची आहे.

बाबुराव तांबे


२० फेब्रुवारी

चि. संघमित्रा,

तुझं पत्र आणि मातीचं खोकं एकाच दिवशी आलं. बादली आता पाण्यात ठेवलीस, बरोबर ठेवलीस, आणि तीन दिवसांत बादली उतरली जेमतेम एक इंच, तलाव उतरला तीन. म्हणजे रोजचा एक. माझ्याच बादलीने तुझ्या तलावाला गुन्हेगार ठरवलं.

मला पटेना. माती हातात घेतली तर लोण्यासारखी. म्हणून गॅलरीत कपडे भिजवायचा मोठा टब घेतला, मधोमध बूड कापून भोक पाडलं, तुझ्या मातीचा थर दिला, पायाने तुडवला. आम्ही तलाव दुरुस्त करायचो तेव्हा दहा-दहा गडी गळ्यात गळे घालून गाणी म्हणत माती तुडवायचे. इथे मी एकटा, कठडा धरून, टबात नाचतोय. समोरच्या चाळीतली माणसं बघत होती. बघू देत. पाणी भरलं, बादलीच्या जागी तुझ्या आईचा तांब्या ठेवला, पेन्सिलने खुणा केल्या. शेवंतीला पत्ता लागू दिला नाही, तिने लगेच तुला फोन लावला असता. तिला म्हटलं, गोधडी भिजत घालायची आहे.

रोज सकाळी मी मैदानावर फेरी मारून येतो आणि खूण बघतो. चार दिवस झाले. टबाखालची फरशी कोरडी आहे, ते एक कोडंच आहे, पण पाणी रोज दीड-दोन इंच उतरतंय आणि तांब्या जवळपास होता तिथेच आहे. मी किती वेळा वाकून बघितलं ते माझी कंबर सांगेल. बहुतेक माती आतल्या आत पाणी पितेय.

मित्रा, मातीच दगाबाज निघाली. तुझी चूक नाही. अहवालावर सही करून टाक. लिहून दे की गळती आहे.

तलाव सोडून देणं काय असतं ते मला कळतं. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. मिलचा तलाव मीच रिकामा केला. कंपाउंड विकलं तेव्हा कामावर आम्ही तिघंच उरलो होतो आणि व्हॉल्वची चावी माझ्याकडे होती. साहेब म्हणाले, बाबुराव, सोडून द्या पाणी. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या कोणी सोडलं असतं. पण मी नाही म्हणालोच नाही. नऊ दिवस पाणी गटारात जात होतं. चाळीतली पोरं मासे पकडायला धावली, त्यात तू पण होतीस, अकरा वर्षांची. चिखलात उभी राहून मला हात हलवत होतीस.

चार वर्षांपूर्वी भांडणात तू म्हणालीस, "बाबा, एक डबकं तर होतं ते!" तेव्हा मला तुझा राग नव्हता आला. त्याचं डबकं मीच केलं होतं. राग काढायला तू समोर होतीस, एवढंच.

आता हे लिहिलं. पुन्हा विचारू नकोस.

बाबा तांबे


२५ फेब्रुवारी

चि. मित्रा,

काल फोनवर जे झालं ते बोलणं धरू नकोस. ते ओरडणं होतं. बोलणं आणि ओरडणं यांत फरक आहे, शेवंतीही कबूल करते.

तू गोंधळली असशील म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. काल गुडघा ठणकत होता म्हणून फेरीला गेलो नाही. खाटेवर पडून होतो. साडेसहा वाजता गॅलरीत चुळूक चुळूक आवाज. दार किलकिलं करून बघतो तर शेवंती! पदर खोचलेला, हातात लोटा, माझ्या टबातून पाणी उपसतेय आणि आपल्या मोगऱ्याच्या कुंड्यांना घालतेय. एक लोटा, दोन लोटे, तीन लोटे. गुणगुणत.

मी ओरडलो, "शेवंते!"

तिने लोटा टाकला. "काय ओ भावजी, जीव गेलो माझो! गोधडी खंय भिजवलात तुम्ही? ता पाणी असांच उघडा पडलला. मच्छर होतील म्हणान मोगऱ्याक घातलंय."

"किती दिवस?"

"तुम्ही टब भरलात तेव्हापासून. तुम्ही फेरीक गेलात की. तांब्यातला नाय घेतलंय हां, ता वैनीचा तांब्या, त्येका हात नाय लावलंय."

मित्रा, मी त्या बाईच्या पायाच पडणार होतो. गुडघा वाकेना म्हणून राहिलं. माती गळत नव्हती. माती पाणी पीत नव्हती. मोगरा पीत होता! आणि लगेच डोक्यात वीज चमकली. तुझ्या तलावाचंही हेच. तुझ्याकडेही एखादी शेवंती असणार!

आणि तू दुसऱ्या दिवशी सही करणार, ती पण माझ्या सांगण्यावरून. पत्राला दोन दिवस लागतात. काय करू? शेवंतीला म्हटलं, फोन लाव आणि तिला सांग सही करू नको. शेवंतीने लावला आणि मी सांगेन ते सोडून "जेवलंस काय गो, खोकलो बरो हा काय" सुरू केलं. माझा संयम सुटला. मोबाइल हिसकावून घेतला आणि जे काही ओरडलो ते ओरडलो. चाळीचे तीन मजले गॅलरीत आले. तू पलीकडून "बाबा? बाबा?" म्हणालीस, ते मी ऐकलं. उत्तर दिलं नाही, कारण घसा बसला होता. ओरडल्यामुळे.

आता नीट ऐक. तू साहेबांकडून दहा दिवस मागून घेतलेस हे शेवंतीकडून समजलं, शाब्बास. दिवेलागणीला पाण्यावर खूण कर. पहाटे चारला जाऊन बघ. पाणी तिथेच असेल तर गळती नाही, कारण गळती काही रात्री झोपायला जात नाही. मग परत येऊ नकोस. मातीच्या ढिगाआड बस आणि उजाडेपर्यंत कोण येतं ते बघ. शाल घेऊन जा. खोकला आहे तुला.

बाबा


४ मार्च

चि. मित्रा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा मोठ्याने, शेवंतीसाठी. ती रडली आणि मग मलाच म्हणाली, डोळे पुसा.

रात्रभरात पाणी केसभरही उतरलं नाही! आणि पाच वाजता रस्त्याच्या कामावरच्या बायका ओळीने आल्या, डोक्यावर हंडे, चाळीस झोपड्यांच्या. टँकर दिवसाआड येतो, तो प्यायलाच पुरत नाही. धुण्याभांड्याला, अंघोळीला तुझा तलाव. वॉचमन सातला उठतो म्हणून त्या पाचला येतात. मी हिशेब केला. उन्हाचं वजा जाता रोज पाऊण इंच, चाळीस बाय तीसच्या तलावात म्हणजे सव्वाशे-दीडशे हंडे. घरटी तीन-चार. बरोब्बर जुळतं.

आता तुझा प्रश्न. खरं लिहिलं तर साहेब कुंपण घालतील, बायकांचं पाणी जाईल. नाही लिहिलं तर तलाव नापास. तू विचारतेस, बाबा, काय करू? चार वर्षांत तू मला पहिल्यांदा हे विचारलंस. मी हा कागद नीट घडी घालून ठेवलाय.

खरं लिही. मी एकदा गप्प बसून पाणी सोडलं, बावीस वर्षं पोटात दुखतंय. तू गप्प बसू नकोस. लिही की हा तलाव गळत नाही, हा तलाव वापरला जातो. चार बायकांना विचार, त्यांची नावं त्यांच्या परवानगीने लिही. नाव नसलं की माणूस साहेबाला चोरच वाटतो. आणि त्याच कागदावर पुढे तुझा नवा नकाशा जोड, कठड्याऐवजी पायऱ्या. राजधानीतलं पाणी नुसतं बघायला ठेवलं तर त्या पाण्याला आणि तुमच्या विधानभवनाला अर्थ काय? आपली माणसं पाण्याला हात लावायला महाडपर्यंत चालत गेली, मार खाल्ला. त्यांच्या घरातली मुलगी "हात लावू नये" असा फलक लावणार? मला राग येतोय बघ, पुन्हा बोलणं बंद करेन.

साहेब म्हणतील, कोणी बुडेल. त्यांना आमचा मिलचा तलाव दाखव. मागे चित्र काढलंय. वरच्या दोन पायऱ्या ऐसपैस, बसायला. मग हातभर रुंद ओटा, त्यावर पाणी फक्त गुडघाभर. खोल पाणी त्याच्या पलीकडे. एकोणतीस वर्षांत एकही माणूस बुडाला नाही. एकदा मुकादमाची टोपी बुडाली, ती मी काढून दिली.

समितीसमोर घाबरू नकोस. आवाज माझा घेतलायस, तो वापर.

बाबा


१४ मार्च

मित्रा,

शेवंतीने पेढे वाटले. अख्ख्या चाळीला. नमुना तलाव पास, ही पहिली आरोळी. टँकर रोज येणार, ही दुसरी. आणि तिन्ही तलावांना पायऱ्या मागितल्या त्यात मधल्या एकाला मिळाल्या, ही तिसरी. तू पत्रात "फक्त एकाला" असं लिहिलंस. फक्त काय? युनियनने मागितलेल्यातला तिसरा हिस्सा पदरात पडला तरी आम्ही लालबागपर्यंत नाचत जायचो. उरलेले दोन कठडे पुढच्या वेळी काढ. तुझं वय आहे.

खाली मी शिवालाही सांगून आलो, त्या काचेच्या टॉवरपाशी. तो म्हणाला, "काका, तिथे सिक्युरिटीची जागा निघाली तर सांगा. शिट्टी नको असलेली."

आता तुझं आमंत्रण. मधल्या तलावाची पहिली कुदळ आणि नमुना तलावात नवीन पाणी, दोन्ही वीस मार्चला, असं तू ठरवून घेतलंस. तारीख वाचली आणि ती भिंतीवरच्या तुझ्या नकाशावर लिहून ठेवली. कळायला लागल्यापासून एकही वीस मार्च मी महाडला चुकवलेला नाही. यंदा चुकवतो. महाडची माणसं समजून घेतील, त्यांनीच हे शिकवलं.

अठराचं तिकीट काढलंय. शेवंती पण येतेय, तिच्याशिवाय हे झालं नसतं, असं ती दिवसातून चार वेळा सांगते. मोगऱ्याची दोन रोपं आणणार आहे. तुझ्या मातीवरच्या चोरीच्या पाण्यावर पोसलेली आहेत, पायरीच्या बाजूला लाव.

मी व्हॉल्वची चावी आणतोय. मिलच्या तलावाची. लोखंडी, हातभर लांब, बावीस वर्षं खाटेखाली पडलीय. तुझ्या आईला मी सांगायचो, भंगारवाला भाव देत नाही. तुमच्या नव्या व्हॉल्वला ती बसणार नाही, एवढं कळतं मला. तरी हातात राहू दे. पाणी जाण्यासाठी व्हॉल्व उघडला तो याच हाताने. आता पाणी यायला उघडायचा असेल तर याच हाताला उघडू दे. त्या चाळीस घरांतल्या बायकांना पण बोलाव. या वेळी पाचला नको, सगळ्यांसमोर दहाला येऊ देत.

एकच अडचण आहे. मी तुझ्याशी बोलणार नाही म्हणालो होतो, आणि तांबे घराण्याचा शब्द आहे. तेव्हा स्टेशनवर पहिला शब्द तू बोल. काहीही बोल, गाडीला उशीर झाला का, एवढं जरी विचारलंस तरी चालेल. मी लगेच उत्तर देईन.

बाबा